न सारवलेली भिंत

लोकांच्या घरी सासू-सुनेची भांडणं चुलीवरून होतात, आमच्या घरी ती भिंतीवरून झाली. आता ते सगळं आठवून सांगायचं म्हणजे जिवावर येतं, पण ज्यांनी ते पाहिलं त्यातलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, तेव्हा मीच सांगते.

मी मूळची दापोडीची. वडील वर्कशॉपात कामाला, रेल्वेलाइनीलगतच्या एका खोलीत आमचं बिऱ्हाड. आई मी लहान असतानाच गेली. पन्नास सालानंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी चाकणजवळच्या निघोज्याला, इंद्रायणीच्या काठी नांदायला आले. घरात नवरा आणि त्याची आई, बस्स. सासरे कधीच वारले होते. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायची रीत, म्हणून मीही तेच म्हणायचे. नवऱ्याला थोडं शेत होतं, पण पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली तसा तो सायकल घेऊन तिकडे जायला लागला. सुट्टीच्या दिवशी घरी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. त्यामुळे घर म्हणजे आम्ही दोघीच.

गावात येऊन मला पहिली गोष्ट काय कळली असेल, तर इथे हिवतापाला कुणी आजार म्हणतच नाही. गणपती उठले की तो यायचा आणि थंडी संपेपर्यंत मुक्काम ठोकायचा. दिवसाआड यायचा. एक दिवस हुडहुडी, अंगावर चार गोधड्या, मग घाम, आणि दुसरा दिवस मोकळा. त्याला आमच्याकडे 'मोकळा दिवस' असंच म्हणत. बायका खुरपणीला बोलवायला आल्या की आधी विचारायच्या, "उद्या तुजा मोकळा दिवस हाय का?" कुणाचा आज, कुणाचा उद्या, हे बघून माणसं कामाला लावायची. बाजार, पाव्हण्यांकडे जाणं, सगळं मोकळ्या दिवसावर ठरायचं. दापोडीला आमच्या गल्लीत कुणाला ताप आला की वडीलधारी माणसं घाबरी व्हायची. इथे दहा माणसं एका वेळी थरथरत पडलेली असली तरी बाकीचे गुरं सोडून रानात जात. मला पहिल्या वर्षी याचं हसू आलं होतं. दुसऱ्या वर्षी हसू पार गेलं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते, आणि दसऱ्याच्या सुमाराला सातवा सरत आला होता. दसऱ्याआधी आमच्याकडे 'दसरा काढतात'. म्हणजे घट बसायच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या, पितळ घासायचं, आणि भिंती पांढऱ्या मातीनं सारवून काढायच्या. देवी घरात येऊन बसणार, तिला घाण दिसता कामा नये. त्यात आत्याबाईंचा हात गावात नावाजलेला. त्यांनी सारवलेल्या भिंतीवर बोटांच्या कमानी अशा एकसारख्या उमटायच्या की बायका मुद्दाम बघायला येत. पण त्या वर्षी त्यांनाही थंडी वाजून ताप, मलाही तसाच, आणि आमचे मोकळे दिवस नेमके उलटसुलट. एक उठली की दुसरी पडलेली. गोधड्या धुतल्या नाहीत, भिंतीही तशाच राहिल्या. शेजारची बाई कुंकू लावायला आली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "भित्ती अशा ठिवल्यात व्हय? माणूस गेल्यावानी?" कारण आमच्याकडे रीतच ती, घरात माणूस गेलं की वर्षभर सण धरत नाहीत आणि सणाला भिंती सारवत नाहीत. एरवी भिंत तशी ठेवणं म्हणजे मरणाला बोलावणं धाडणं.

दसरा झाला आणि मला असा ताप भरला की मी तीन दिवस शुद्धीवर नव्हते. मूल गेलं. मुलगा होता म्हणतात, मी पाहिला नाही. नवऱ्यानं त्याला नदीकाठी नेऊन पुरलं आणि परत आल्यावर पाय धुऊन बैलांना वैरण घातली.

त्यानंतर घरात दोन मतं झाली. मी म्हणायचे, तापानं नेला. आत्याबाई म्हणायच्या, भिंतीनं नेला. त्या मला बोलल्या नाहीत कधी, बोलायला तोंडच नव्हतं, त्यांनीही अंथरूण धरलं होतं. पण त्यांच्या मनात ते पक्कं बसलं, आणि माझ्या मनात माझं.

पुढे वर्ष-दोन वर्षांनी गावात हिवतापवाले यायला लागले. सरकारनं नवं खातंच काढलं होतं. एक इन्स्पेक्टर आणि त्यांच्या हाताखाली पंपवाल्यांची टोळी. इन्स्पेक्टर पुण्याकडचे, चाळिशीचे, सायकलवरून यायचे. धुळीनं चष्मा भरलेला, आणि चेहरा असा की आत्ता कुठे टेकायला मिळालं तर बरं. त्यांनी आधी गाव पालथं घातलं. नाशिक रस्त्याच्या कडेला मुरूम काढलेले खड्डे होते, त्यात पावसाचं पाणी साठायचं. ते काही बुजवायला लावले, राहिले त्यात जळकं तेल ओतलं. पिण्याच्या विहिरीतही लाल औषध टाकलं. दुसऱ्या दिवशी पाणी गुलाबी आलं तर बायकांनी विहिरीवर गोंधळ घातला. आत्याबाई त्यांच्या तोंडावर म्हणाल्या, "आता आमी गुलाबी पान्यात डाळ शिजवायची व्हय?" ते म्हणाले, "शिजवा मावशी, पटकीनं मरण्यापेक्षा गुलाबी डाळ बरी." त्यांना चिडायचंसुद्धा त्राण नव्हतं. गावोगाव तेच ऐकून माणूस किती दिवस चिडणार?

मग भाद्रपदात फवारणी आली. मला पुन्हा दिवस होते, सहावा लागला होता. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच व्हायचं होतं. हे मूल राहिलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात उठता-बसता असायची. पोटात हललं की बरं वाटायचं, आणि अर्धा तास हललं नाही की मी हातातलं काम टाकून बसायचे.

सगळं घर अंगणात काढावं लागलं. उतरंडी, गोधड्या, पाटा-वरवंटा, कोंबड्यांची डालगी, सगळं. धान्याच्या कणगीवर पोती टाकली. एकजण पंप हाणायचा आणि दुसरा नळी धरून वरपासून खालपर्यंत भिंत भिजवायचा. वाळल्यावर भिंतींवर पांढरे ओघळ राहिले, कुणी ताक सांडल्यासारखे. वासानं डोकं उठलं. आत्याबाई अंगणात पदर नाकाला लावून बसल्या होत्या आणि आपल्या भिंतींची ती दशा बघत होत्या.

मला चार बुकं वाचता येत होती, म्हणून असेल, इन्स्पेक्टर मलाच समजावून सांगायचे. म्हणाले, "डास माणसाचं रक्त पितो, जड होतो आणि जवळच्या भिंतीवर जाऊन टेकतो. टेकला की हे औषध त्याच्या पायाला लागतं, तिथंच मरतो. म्हणजे सगळं काम भिंत करते, बाई. दिवाळी होईपर्यंत तिला हात लावू नका. लिंपायचं नाही, सारवायचं नाही, चुना लावायचा नाही."

मी म्हटलं, "साहेब, मधे दसरा आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "ठाऊक आहे. दर गावात दसरा आहे. आम्ही पुढं फवारत जातो, तुम्ही मागं सारवत येता. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं चाललंय सगळं." मग माझ्याकडे बघून जरा हलक्या आवाजात म्हणाले, "सगळं घर राखलंत तर उत्तम. नाहीच जमलं तर निदान तुम्ही झोपता ती खोली राखा."

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळपासून गल्लीत जिकडेतिकडे बायका सारवायला लागलेल्या. आत्याबाईंनी पांढरी माती आदल्या दिवशीच भिजत घातली होती. ओटी झाली, स्वयंपाकघर झालं, जिथे घट बसतो आणि त्या स्वतः निजतात ते माजघर झालं. सगळे ओघळ मातीखाली गेले, भिंती लख्ख झाल्या. मग त्या बादली घेऊन माझ्या खोलीच्या दारात आल्या. मी आत भिंतीला पाठ लावून उभी होते.

"सरक."

"नाही सरकत, आत्याबाई."

"या खेपेला बी भित तशीच ठिवायची व्हय? मागल्या खेपेला काय झालं, इसरलीस?"

"मागच्या खेपेला ताप आला होता. भिंतीनं काही केलं नाही."

"ताप सगळ्या गावाला येतो. सगळ्यांची पोरं जात्यात व्हय?"

खरंच, सगळ्यांची जात नव्हती. माझे पाय सुजले होते, कंबर मोडून आली होती, आणि भांडायचा मला मनापासून कंटाळा आला होता. मी म्हटलं, "आत्याबाई, हे मूल तुम्हालाही पाहिजे, मलाही पाहिजे. तुमचा भरवसा देवीवर आहे, तुम्ही तिला सांगा. माझा या औषधावर आहे. एवढी एक खोली मला द्या."

त्या उंबऱ्यावर बसल्या. हातावरची माती ठिबकत होती, ती त्यांनी पुसली नाही. मग म्हणाल्या, "आन तुजं औषध खोटं निगालं तर?"

"तर माझंच जाईल ना."

"तुजं एकलीचं?"

एवढंच बोलून बादली उचलून त्या गेल्या. तोवर मला वाटायचं, ते मूल गेल्याचं दुःख फक्त मला आहे. नवरा गप्प, सासू कामात. त्या दोन शब्दांत मला कळलं, आणि मी भिंतीला टेकून तिथेच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी घट बसला. पहिली माळ बांधताना त्या देवीशी मोठ्यानं बोलल्या, मला ऐकू यावं म्हणून नाही, त्यांची सवयच ती. म्हणाल्या, "आई, सुनंच्या खोलीची भित माज्या सांगन्यावरनं ऱ्हायली. दोस असंल तर माज्या पदरात घाल. लेकराकडं बघू नगंस." मग माळेची गाठ मारली आणि मला विचारलं, भाकरी झाल्या का.

माझ्या सांगण्यावरून राहिलेली भिंत त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. तेव्हा मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. म्हातारी माणसं देवाशी असं काहीबाही बोलतातच. नवरात्रात बायका यायच्या, माझ्या खोलीत डोकावायच्या आणि नाक मुरडायच्या. आत्याबाई त्यांना म्हणायच्या, "भित माजी, घर माजं. तुमच्या डोळ्यांत का खुपती?"

कोजागिरीनंतर गावात थंडीताप सुरू झाला. ज्यांनी सारवलं होतं त्यांच्याकडे, म्हणजे जवळजवळ सगळीकडे. माझ्या खोलीत मात्र सकाळी भिंतीच्या कडेला मेलेले डास पडलेले असायचे. मी ते केरसुणीनं गोळा करायची आणि दर वेळी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसायची. मला ताप आला नाही. आत्याबाईंना आला.

मी म्हटलं, माझ्या खोलीत निजायला या. त्या नाही म्हणाल्या. मला वाटलं, संकोच असेल, नवरा सुट्टीला येतो म्हणून. तर नाही. म्हणाल्या, "मी तिकडं आले तर माज्यासंगं ते बी यील."

"ते काय?"

"दोस. मागून घेतलाय मी. तो तुज्या खोलीत न्यायचा न्हाई."

मग मी इन्स्पेक्टरना निरोप धाडला. ते आले, आत्याबाईंच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या. आत्याबाईंनी गोळ्या घेतल्या नाहीत. ते समजावत राहिले, "मावशी, हा डास आहे. देवीचा काही संबंध नाही."

"डासाला कुनी धाडलं?"

इन्स्पेक्टरनी गोळ्यांची पुडी पुन्हा पुढे सरकवली. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बोललेला शब्द हाय. मधीच औषध घेतलं तर देवी म्हनंल, ही फिरली. मग ती दुसरीकडं बघंल. सुनंचं दिस भरू द्या, मग घीन."

बाहेर आल्यावर ते सायकलला हात लावून उभे राहिले. म्हणाले, "डासाचं उत्तर मला देता येतं, बाई. याचं येत नाही."

मी कोयनेल ताकात घालून पाहिलं. पहिल्या घोटालाच कडू लागलं, त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईला आजवर कुणी सांगितलंय का काही?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याचाही इलाज नव्हता, आठवडाभर विटा वाहून आलेला माणूस. मी एकटीच रोज त्यांच्या अंगावर गोधड्या टाकायची, घाम पुसायची आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायची. पोट पुढे, वाकता येत नाही, आणि ही बाई माझ्या मुलासाठी स्वतःला मारून घेतेय. तेही कसं, तर उशाशी असलेल्या गोळ्या न खाऊन.

मार्गशीर्षात भर दुपारी मी बाळंत झाले. सुईण आत होती आणि आत्याबाई ओट्यावर उन्हात, गोधड्यांत गुंडाळून बसलेल्या. मला त्यांचा आवाज आला, "रडलं का?"

सुईण म्हणाली, "रडली. पोरगी हाय."

"रडली न्हवं? मग झालं तर."

त्या दिवशी त्यांनी आपण होऊन गोळ्या मागून घेतल्या. बोलल्याप्रमाणे. पण अंगात काही राहिलंच नव्हतं, डोळे पिवळे झाले होते, डाव्या बरगडीखाली हाताला लागेल असा गोळा आला होता. बारशाला मी पोरीला ओट्यावर नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत. त्या म्हणाल्या, "गार हाय." पौषात त्या गेल्या.

गाव म्हणालं, देवीनं शब्द खरा केला. बायका भेटायला यायच्या, पदरानं डोळे टिपायच्या आणि मोठ्या कौतुकानं म्हणायच्या, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. मी मान हलवायची. आतून मला संताप यायचा. देवीचा नाही, गावाचाही नाही. मला आत्याबाईंचा राग यायचा. अजून येतो. त्यांनी माजघराची भिंत तशीच ठेवली असती तर त्या जगल्या असत्या, आणि नातीनं त्यांचे केस ओढले असते. एवढी साधी गोष्ट. पण त्यांच्या हिशेबात दोन भिंती न सारवणं म्हणजे दुप्पट दोष, आणि तो कुणाच्या पदरात पडेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

पुढच्या भाद्रपदात पंपवाले पुन्हा आले. पुन्हा सगळं घर अंगणात, पुन्हा तो वास, पुन्हा भिंतींवर ओघळ. पोरगी रांगत होती. तिला कमरेवर घेऊन मी अंगणात उभी राहिले. मग दसरा आला आणि गल्लीत बायकांनी नेहमीप्रमाणे बादल्या काढल्या. ये रे माझ्या मागल्या.

दसऱ्यानंतर इन्स्पेक्टर भिंती तपासत फिरले. गेलं वर्षभर त्यांची नेमणूक दुसरीकडे होती, इकडचं त्यांना काही कळलं नव्हतं. घरोघरी दारातून आत बघायचे, सारवलेली भिंत दिसली की पुढे जायचे. आमच्या दारात आले. ओटी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, माझी खोली पाहिली. मग माजघरात गेले. तिथेही ओघळ जसेच्या तसे, कुठे बोट लागलेलं नाही. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं.

म्हणाले, "सगळं घर राखलंत. या गावातलं पहिलं घर. मावशींनी एकदाचं ऐकलं म्हणायचं. कसं काय जमवलंत?"

मी पोरीला खाली सोडलं. ती रांगत भिंतीकडे गेली.

"जमवलं काही नाही, साहेब," मी म्हटलं. "घरातलं माणूस गेलंय. आम्ही वर्षभर भिंती सारवत नाही."

त्यांचा हात भिंतीवर तसाच राहिला. कोण गेलं ते त्यांनी विचारलं नाही. आत्याबाईंची निजायची जागा रिकामी होती, तिकडे त्यांनी बघितलं, आणि जाताना चप्पल घालायला त्यांना बराच वेळ लागला.

त्या साली आमच्या घरात कुणालाच थंडी वाजली नाही.